बाहेरचे परीक्षक

जागृती बिऱ्हाडेने लिहिलेल्या प्रोग्राममुळे २००८ साली एक माणूस भाजला. तिसऱ्या वर्षाच्या प्रत्येक नव्या वर्गाला ती पहिल्याच तासाला हे सांगते, आणि सांगताना स्वतःचंच नाव घेते.

तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. तिचे वडील श्रीपत साक्री तालुक्यातून सुरतेला आले आणि पांडेसऱ्याच्या एका डाईंग मिलमध्ये हेल्पर म्हणून लागले. पुढे तिथेच ऑपरेटर झाले आणि बमरोलीत दोन खोल्या घेऊन राहिले. जागृती सातवीपर्यंत महापालिकेच्या मराठी शाळेत शिकली, नंतर गुजरातीत. बमरोलीच्या त्यांच्या गल्लीतली ती पहिली इंजिनिअर. उधन्याच्या एका लहानशा कंपनीत तिला नोकरी लागली. ही कंपनी रंगाईच्या मशीनचे कंट्रोलर बनवायची. कंट्रोलर म्हणजे पाटीएवढी पेटी, वर स्क्रीन, खाली चार बटणं. कपडा किती तापवायचा, कधी थंड करायचा, झाकण कधी उघडू द्यायचं, हे सगळं त्या पेटीतला प्रोग्राम ठरवायचा. तो प्रोग्राम जागृतीने लिहिला होता.

योगायोगाने तिच्या कंपनीच्या पेट्या तिच्या वडिलांच्याच मिलमध्ये बसल्या. श्रीपत खात्यातल्या प्रत्येकाला हात धरून स्क्रीनसमोर न्यायचे. "हाई मनी आंडेरनं काम शे," लेकीच्या कौतुकाने म्हणायचे. ते पाहायला आलेल्यांत धुडकू वाघ होते. गल्लीत दोन घरं सोडून राहणारे, साक्रीकडचेच. जागृती त्यांना लहानपणापासून काका म्हणायची. सहा नंबरचं मशीन त्यांच्याकडे होतं.

पेट्या बसवून पाच महिने झाले. एके दिवशी सकाळच्या पाळीत सहा नंबरवर तापमान बासष्टवर अडकून बसलं. धुडकूकाकांनी वीस मिनिटं वाट पाहिली. आकडा हलेना. मशीन गरमच होत नाही असं वाटून त्यांनी झाकणाच्या दिव्याकडे पाहिलं. दिवा हिरवा होता. ऐंशीच्या खाली तापमान असलं की तो हिरवा राहायचा. त्यांनी झाकण उघडलं. आत पाणी शंभराच्या कितीतरी वर गेलेलं होतं. वाफ आणि रंगाचं पाणी त्यांच्या दोन्ही हातांवर, मानेवर आणि छातीवर आलं.

मशीनच्या आत तापमान मोजणारी जी तार असते, ती तुटली होती. नवा आकडा येत नव्हता, म्हणून जागृतीचा प्रोग्राम शेवटचा आलेला आकडाच दाखवत राहिला. मशीन अजून थंड आहे असं समजून तो तापवतही राहिला.

हे तिला तिसऱ्या दिवशी कळलं. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये तिने एक पेटी चालू केली, तापमान बासष्टवर नेलं आणि हाताने तार उपसली. स्क्रीनवर बासष्ट तसेच राहिले. दिवा हिरवा राहिला. तिने तार पुन्हा लावली, पुन्हा उपसली. मग ती उठून गजेंद्रसरांच्या केबिनमध्ये गेली. गजेंद्रसर कंपनीचे मॅनेजर, मूळचे अमळनेरचे. मुलाखतीत तिला मराठीतून बोलू देणारे तेच.

"चूक माझी आहे, सर. आणखी अकरा मशीनवर हाच प्रोग्राम आहे."

गजेंद्रसरांनी तार उपसून स्वतः पाहिलं. त्याच आठवड्यात माणूस पाठवून अकराही पेट्यांतला प्रोग्राम त्यांनी बदलून घेतला. त्यात त्यांनी एक दिवसही वाया घालवला नाही. पण मिलला जो कागद गेला त्यात लिहिलं होतं, कामगाराने घाईने झाकण उघडल्यामुळे अपघात झाला.

"हे खरं नाही," जागृती म्हणाली.

"दुरुस्ती झाली ना? आता कोणी भाजणार नाही. हे तुला कळलं, मला कळलं. तिसऱ्याला कळून कंपनी बंद पडेल, दुसरं काही होणार नाही. तीस घरं चालतात इथे."

ती घरी आली. श्रीपतांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तू बोललीस तर तुझी नोकरी जाईल. नाही बोललीस तर मी धुडकूसमोर कसा उभा राहू?" एवढं बोलून त्यांनी चपला घातल्या आणि ते बाहेर निघून गेले. काय कर, हे त्यांनी सांगितलं नाही.

धुडकूकाका दवाखान्यातून घरी आल्यावर जागृती त्यांच्याकडे गेली. त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत होते. अनुसयाकाकू त्यांना वरणभात भरवत होत्या. जागृती जमिनीवर बसली आणि जे झालं होतं ते सोप्या शब्दांत सांगितलं. तार तुटली तर काय करायचं, हे मी प्रोग्रामला सांगितलंच नव्हतं. ते माझ्या डोक्यातच आलं नाही.

अनुसयाकाकूंचा घास हातातच राहिला. "एवढी शिकलीस," त्या म्हणाल्या, "आणि तार तुटते हे तुला माहीत नाही? आमच्या घरातली इस्त्रीची तार दर वर्षी तुटते."

धुडकूकाका तिच्याकडे पाहत होते. त्यांनी एकच विचारलं. "म्हणजे मी घाई करेल नव्हती?"

"नाही, काका."

"खात्यात सगळे म्हणतात, धुडकूने घाई केली. वीस मिनिटं थांबलो मी."

"मला माहीत आहे. पेटीत त्याची नोंद आहे."

"मग हे कोर्टात सांगशील?"

तिने होकार दिला.

लेबर कोर्टात तिची साक्ष झाली तेव्हा नोकरी गेलेलीच होती. मिलच्या वकिलांनी तिला तासभर उलटसुलट विचारलं. त्यातला एक प्रश्न तिच्या मनातून कधीच गेला नाही. वकील हसत म्हणाले, "मॅडम, यंत्राची तार तुटू शकते, एवढी साधी गोष्ट तुम्हाला कॉलेजात शिकवली नव्हती का?"

"नव्हती," ती म्हणाली.

कोर्टात कोणीतरी हसलं. तिने उत्तर थट्टेत दिलं नव्हतं. परतताना बसमध्ये ती चार वर्षांचे विषय एकेक आठवत राहिली. प्रोग्राम चालला पाहिजे, एवढंच सगळ्यांनी शिकवलं होतं. तो कसा मोडेल ते शोध, असं कोणी एकदाही सांगितलं नव्हतं. प्रॅक्टिकलला सर यायचे, ठरलेले आकडे घालायचे, ठरलेलं उत्तर आलं की सही करायचे.

चार वर्षांनी निकाल धुडकूकाकांच्या बाजूने लागला. तोपर्यंत जागृती पुन्हा विद्यार्थिनी झाली होती. तिने एम. ई. केलं, मग पीएच. डी. तिचा विषय होता, यंत्रं चालवणाऱ्या प्रोग्रामची तपासणी. मार्गदर्शकांनी दोनदा सुचवलं, हा विषय कोरडा आहे, हल्ली याला कोणी विचारत नाही. तिने तोच धरून ठेवला. प्रबंधासाठी तिने पांडेसरा, सचिन, कडोदरा इथल्या कारखान्यांतल्या बंद पडलेल्या पेट्या गोळा केल्या. प्रत्येकीत काय चुकलं होतं ते शोधलं. एकशे चौदा पेट्या. त्यातल्या सत्तरवर पेट्यांत प्रोग्राम ठरल्याप्रमाणे बरोबरच चालत होता. ठरवणाऱ्याला मशीन कुठे बसणार, समोर कोण उभं राहणार, याचा पत्ता नव्हता.

मग ती सुरतेतल्याच एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवू लागली. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग हा विषय तिथे पाठांतराचा समजला जायचा. व्याख्या, आकृत्या, पाच गुणांची टीप. जागृतीने व्याख्या पुस्तकावर सोडल्या. वर्गात ती एखादा चालता प्रोग्राम ठेवायची आणि म्हणायची, मोडा. जो आधी मोडेल त्याने पुढच्या बाकावर यायचं. मुलांना मजा यायची. दुरुस्त करायला सांगितलं की मजा संपायची.

खरी अडचण प्रोजेक्टची होती. मुलं शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट विकत आणतात हे शहरात सगळ्यांना ठाऊक होतं. प्रोजेक्ट विकणाऱ्या दुकानांबाहेर तशी पाटीच असायची. कॉलेजातल्या शिक्षकांनाही ठाऊक होतं. २०२३ च्या डिसेंबरात जागृतीकडे प्रोजेक्टची जबाबदारी आली आणि बावन्न मुलांनी प्रोजेक्ट आणून ठेवले. त्यातल्या चार प्रोजेक्टमध्ये स्पेलिंगची एकच चूक एकाच जागी होती.

तिने कोणाला रागावून काही म्हटलं नाही. नोटीस लावली. प्रोजेक्ट कुठूनही आणा, मी विचारणार नाही. परीक्षेच्या दिवशी मी प्रत्येकाला त्यात एक बदल सांगेन. तीन तासांत तो माझ्यासमोर करायचा. झाला तर पास.

बावन्नपैकी अडतीस जणांना बदल करता आला नाही.

दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपॉल नायकसाहेबांनी तिला बोलावलं. ते गुजरातीत बोलायचे, ती गुजरातीतच उत्तर द्यायची.

"जागृतीबेन, अडतीस! ट्रस्टींचे फोन येतायत. मुलांच्या मुलाखती फेब्रुवारीत आहेत."

"म्हणून तर, सर. मुलाखतीत आणि नंतर काय करतील ती?"

"सगळीकडे असंच चालतं."

"हो."

"मग आपल्याकडेच का नको?"

तिने आपली गोष्ट त्यांना सांगितली. धुडकूकाका, तार, कोर्ट. नायकसाहेबांना ती अर्धवट माहीत होती. ऐकून ते म्हणाले, "तुमचं दुःख मला कळतं. पण मुलांना त्याची शिक्षा का?"

हा प्रश्न तिला लागला. ती म्हणाली, "बरोबर आहे. न शिकवता परीक्षा घेतली, ती माझी चूक. मला आठ आठवडे द्या. रोज सकाळी सात ते नऊ मी शिकवते. मग पुन्हा परीक्षा. पण गुण मी आज बदलणार नाही, आणि तेव्हाही नुसते बदलणार नाही."

"आणि तरीही नापास झाले तर?"

"तर नापास."

नायकसाहेबांनी आठ आठवडे दिले. तेव्हाच हेही सांगितलं की यानंतर प्रोजेक्टची जबाबदारी दुसऱ्या कोणाला द्यायची का, ते ट्रस्ट ठरवेल.

पहिल्या सकाळी अडतीसपैकी अकरा जण आले. त्यांत योगिता पाटील होती. कडोदऱ्याची, वडील पॉवरलूमवर. दोन बस बदलून यायची. ती आली ती भांडायलाच.

"मॅम, सगळेच आणतात. आम्ही आणला तर आम्हीच का? ज्यांना बदल जमला त्यांनीही विकतच आणलाय."

"त्यांनी आणलेला वाचला तरी. तू तुझा वाचलास का?"

"नाही."

"मग आज तेवढंच कर. वाच. ज्या ओळी कळणार नाहीत त्यांच्यावर खूण कर."

दोन तासांत योगिताने दोनशे दहा ओळींवर खुणा केल्या. तिचा प्रोजेक्ट कलर किचनसाठी होता. मिलमध्ये रंगाची पावडर वजन करून मिसळतात ती खोली. कोणत्या छटेला कोणता रंग किती ग्रॅम लागेल, हे टचस्क्रीनवर बटण दाबून सांगायचं. पुढच्या दोन आठवड्यांत तिने खुणा पन्नासवर आणल्या. मग एक दिवस सगळा प्रोग्राम बाजूला ठेवला आणि तेच काम करणारा नवा, आपल्याला कळेल असा लिहायला घेतला. तोपर्यंत सकाळच्या वर्गात मुलं तीसवर गेली होती.

पाचव्या आठवड्यात जागृती धुडकूकाकांकडे गेली. ते आता साठीला आले होते. मिलचं काम सुटून बरीच वर्षं झाली होती. गल्लीच्या तोंडाशी अनुसयाकाकूंनी भाजीचं दुकान घातलं होतं, तिथे ते बसायचे. हातांची कातडी आखडून बोटं वाकली होती आणि ती सरळ होत नव्हती.

"काका, माझ्या वर्गात याल का? मुलांनी प्रोग्राम लिहिलेत. तुम्ही ते वापरून पाहायचे."

"मी चौथी पास माणूस. मी काय पाहू?"

"तुम्ही मशीनसमोर एकोणीस वर्षं उभे होतात. माझी मुलं एकदाही उभी राहिलेली नाहीत."

धुडकूकाकांनी मान हलवली. नाही म्हणाले. लोक हाताकडे पाहतात ते त्यांना आवडत नसे. जागृती आग्रह न करता उठली. तेवढ्यात अनुसयाकाकू कोथिंबिरीवर पाणी मारत, तिच्याकडे न बघता काकांना म्हणाल्या, "हिला जे कोणी शिकवलं नाही ते ही मुलांना शिकवणार म्हणतेय ना? मग जा की. दुकानात बसून काय करता?"

जागृतीशी त्या कोर्टानंतरही फारशा बोलत नसत.

धुडकूकाका शनिवारी आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, बाह्या मनगटापर्यंत बंद. जागृतीने त्यांची ओळख करून दिली तेव्हा वर्गाला कळलं की पहिल्या तासाला ऐकलेल्या गोष्टीतला माणूस हाच. काका अवघडून खुर्चीच्या काठावर बसले.

पहिल्या तीन मुलांचे प्रोग्राम त्यांनी जपून पाहिले, चांगलं आहे म्हणाले. जागृती अस्वस्थ झाली. ती पुढे होऊन म्हणाली, "काका, पाहुण्यासारखं नका बघू. पाळी चालू आहे, खात्याचा मास्तर ओरडतोय, वर बल्ब मिणमिणतोय, असं बघा."

चौथी योगिता होती. काकांनी स्क्रीनवर लाल रंगाचं बटण दाबायला बोट नेलं. वाकलेल्या बोटाबरोबर शेजारचं बोटही टेकलं. लाल आणि पिवळा, दोन्ही बटणं एकदम दाबली गेली. प्रोग्रामने दोन्हींची बेरीज केली आणि भलताच आकडा दाखवला.

"काका, असं नाही दाबायचं," योगिता चटकन म्हणाली. "एका बोटाने."

धुडकूकाकांनी हात वर करून तिला दाखवला. रागाने नाही. "बाई, बोटं अशीच शेत. कसं दाबू सांग."

योगिताने हाताकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. पुढे होऊन तिने वही काढली आणि विचारलं, "काका, बटणं केवढी असली तर चालतील?"

"लांब लांब पाहिजेत. आणि किचनमध्ये हात ओले असतात. पावडर चिकटते. ओला हात लावून पाहिलास का तू?"

"नाही."

"पाणी आण."

त्यानंतर काका खुर्चीच्या काठावरून मागे सरकले. बाह्या त्यांनी स्वतःच वर केल्या. दुपारपर्यंत त्यांनी नऊ प्रोग्राम मोडले. एकाला विचारलं, लाईट गेली आणि परत आली तर हे पहिल्यापासून रंग टाकायला लागेल का? तो मुलगा वहीत लिहीत बसला. एका मुलीच्या प्रोग्राममधला इशारा इंग्रजीत येत होता. काका म्हणाले, "हे काय लिहिलंय? थांब म्हणतंय की चालू दे म्हणतंय?" पुढच्या तीनही शनिवारी ते आले. तिसऱ्या शनिवारी मुलांनी त्यांच्यासाठी आधीच पाण्याचं भांडं भरून ठेवलं होतं.

आठ आठवड्यांनी फेरपरीक्षा झाली. नायकसाहेब स्वतः येऊन मागे बसले. योगिताला बदल मिळाला तो असा: वजनकाट्याकडून आकडाच आला नाही तर काय? तिने दोन तास वीस मिनिटांत तो केला, आणि उरलेल्या वेळात आणखी दोन चुका शोधून कागदावर लिहून दिल्या. स्वतःच्याच प्रोग्राममधल्या.

अडतीसपैकी एकतीस पास झाले. सात झाले नाहीत. त्यातल्या एकाचे वडील ट्रस्टींचे परिचित होते. जागृतीने त्याचा पेपर, तीन तासांचं रेकॉर्डिंग आणि आपला शेरा असं सगळं एका पाकिटात घालून ट्रस्टकडे दिलं. आपण चुकलो असलो तर कुठे ते सांगा, असं पत्र वर लावलं. उत्तर आलं नाही. गुणही बदलले नाहीत. सातही जण पुढच्या वर्षी पुन्हा बसणार होते, आणि जागृतीने चालूच ठेवलेल्या सकाळच्या वर्गाला त्यातले पाच आधीच येऊ लागले होते.

प्रोजेक्टची जबाबदारी तिच्याकडेच राहिली. जूनमध्ये नायकसाहेबांनी तिला विचारलं, "या वर्षीपण हेच करणार?"

"हो. फक्त डिसेंबरची वाट बघणार नाही, पहिल्या दिवसापासून. आणि बाहेरचे परीक्षक म्हणून एक नाव सुचवायचं आहे."

बाहेरच्या परीक्षकासाठी कॉलेजचा छापील फॉर्म होता. तिने तो तिथेच बसून भरला. नाव: धुडकू नथ्थू वाघ. शिक्षण: चौथी. अनुभव: जेट डाईंग मशीन, एकोणीस वर्षं. कारकुनाने फॉर्म तीनदा परत पाठवला, शिक्षणाच्या रकान्यात किमान पदवी हवी म्हणून. पहिल्या दोन वेळा तिने काही न बदलता तो पुन्हा आत ठेवला. तिसऱ्या वेळी ती स्वतः केबिनमध्ये घेऊन गेली आणि उभी राहिली.

नायकसाहेबांनी फॉर्म वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"हे विद्यापीठात चालणार नाही, बेन."

"अंतर्गत परीक्षेला चालेल, सर. नियम मी वाचलेत. निर्णय तुमचा असतो."

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. मग पेन घेतलं, रकान्यातला शिक्षणाचा शब्द तसाच ठेवला आणि खाली सही केली. "पहिल्या शनिवारी मीही येईन," ते म्हणाले. "माझाही एक जुना प्रोग्राम आहे. परीक्षेचे निकाल लावणारा. कॉलेज अजून तोच वापरतं. बघू द्या त्यांना."

जागृतीने फॉर्म उचलला, कारकुनाच्या टेबलावर ठेवला आणि जिना उतरून तिसऱ्या वर्षाच्या वर्गाकडे निघाली. नव्या वर्गात छप्पन्न मुलं बसली होती.